रविवारचं खारं पाणी

जानराव सरकटे रिसोडच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं नोकरीला होते. पहिली नऊ रोजंदारीवर, मग कायम. मूळचे केनवडचे, पण नोकरीमुळे रिसोडला आले आणि इथलेच झाले. पहाटे उठून कोणत्या वस्तीचा व्हॉल्व किती आटे उघडायचा, कुठं पाइप पाझरतो, कोणाच्या घरी मोटर लावून पाणी ओढतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. दर सहा महिन्यांनी उंच टाकी धुवायचं कामही त्यांच्याकडेच असे. कमरेला दोर बांधून आत उतरायचं, भिंतीवरचं बुळबुळीत शेवाळ खराट्यानं खरडायचं, ब्लिचिंग पावडर कालवून सगळीकडे मारायची आणि डोळे चोळत वर यायचं. त्या शिड्या चढून उतरून त्यांचे गुडघे गेले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं होतं की आता पाण्याच्या कोणत्याच टाकीत हात घालणार नाही.

बायको वच्छलाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी काम सोडलं. मुलगा एकच, प्रसेनजित. तो पुण्यात कंपनीत लागला होता.

लॉकडाऊन लागला तेव्हा प्रसेनजित लॅपटॉप घेऊन घरी आला आणि दीड-दोन वर्षं घरूनच काम करत राहिला. त्या रिकाम्या दिवसांत त्याला माशांचा नाद लागला. साधे मासे नाहीत, समुद्रातले. पुढच्या खोलीत त्यानं तीन फुटी काचेची टाकी मांडली. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं खोकी येत. कधी त्यात दगड, कधी मिठाची बादली, कधी फुगवलेल्या पिशवीत मासे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, एक निळा मासा, एक झिंगा आणि दगडाला चिकटलेली, फुलासारखी उघडणारी मिटणारी प्रवाळं. शेजारपाजारचे बघायला येत. जानरावांनी समुद्र एकदाच पाहिला होता, सहा डिसेंबरला दादरला गेले तेव्हा, आणि तोही गर्दीच्या खांद्यांवरून. वच्छलाबाईंचं म्हणणं होतं की एवढं लांबचं पाणी घरात आणायची काही गरज नव्हती.

मग कंपनीनं परत बोलावलं. प्रसेनजित घाईघाईत गेला. जाताना म्हणाला, दोन महिन्यांत टाकी घेऊन जाईन, तोवर फक्त दाणे टाका आणि पाणी कमी झालं की भरा. त्याला तिकडे मिळालेली खोली लहान होती. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचे चौदा.

पहिला अपघात जानरावांच्या हातून झाला तो त्यांच्या जुन्या सवयीमुळे. टाकीच्या फिल्टरमधला स्पंज काळपट दिसला. आतल्या दगडांवरही तपकिरी थर होता. नळ आला त्या दिवशी त्यांनी स्पंज नळाखाली धरून चांगला पिळून धुतला, हाताला येतील तेवढे दगड बाहेर काढून ब्रशनं घासले आणि परत ठेवले. टाकी लखलखली. त्यांना बरं वाटलं. चौथ्या दिवशी निळा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला आणि संध्याकाळी तळाला आडवा झाला.

त्यांनी त्याच संध्याकाळी मुलाला फोन करून जे केलं ते सगळं सांगितलं. प्रसेनजित म्हणाला की चूक त्याचीच, सांगायचं राहून गेलं. त्या स्पंजात आणि दगडांत जिवाणू राहतात, माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं ते मेले, घाण तशीच पाण्यात राहिली, म्हणून मासा गेला.

"म्हणजे जंतू मारायचे नाई, पाळायचे?" जानरावांनी विचारलं.

"हो बाबा. कामाचे जंतू पाळायचे."

एकतीस वर्षं ज्यांना मारण्याचा पगार घेतला, ते आता घरात पाळायचे. जानराव यावर हसले नाहीत. त्यांनी एक जुनी वही काढली आणि मुलगा सांगेल ते लिहून घेऊ लागले. नळाचं पाणी घालायचं नाही. थंड पाण्याचे जार विकणाऱ्या आरओ प्लँटवरचं आणायचं. खारटपणा मोजायचा. दर रविवारी वीस लिटर पाणी काढायचं आणि मीठ कालवलेलं नवं तेवढंच घालायचं.

तेव्हापासून रविवार त्या टाकीचा झाला. सकाळी विहारात वंदनेला जायचा त्यांचा नेम होता, तो आधी उशिरा होऊ लागला, मग सुटला. नळी तोंडानं ओढून पाणी चालू करायचं, कधी खारट घोट तोंडात यायचा. बादली भरली की अंगणातून बाहेर नेऊन नालीत ओतायची, कारण अंगणात ओतलं असतं तर कढीलिंब जळाला असता. गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते स्टुलावर बसून, कंबर वळवून काम करत. दुपारी जेवून आडवे होत तेव्हा पाठीत कळ यायची. मुलाचा फोन रविवारी रात्री आठला यायचा. टाकी दाखवा म्हणायचा. मग जानराव मोबाइल काचेपुढे फिरवत. फोनवरचं बोलणं बहुतेक तेवढंच असायचं. तो वाईट मुलगा नव्हता. आठवडाभराच्या कामानं थकलेला असे, आणि त्याला वाटे की आईबाबांशी बोलायला हा एक विषय तरी आहे.

मार्चच्या शेवटी वाळूवर एक लाल डाग दिसला. आठ दिवसांत तो रुमालाएवढा झाला. दुधावर साय धरावी तशी जांभळट लाल साय वाळूवर, मग दगडांवर, मग प्रवाळांच्या बुडाशी चढली. तिच्यात बारीक बुडबुडे अडकलेले असत. चिमटीत धरून ओढली तर फडक्यासारखी सलग निघे आणि हाताला कुजका वास राही. सकाळी कमी दिसायची, संध्याकाळपर्यंत परत पसरायची. जानरावांना वाटलं शेवाळ आहे. प्रसेनजितनं फोटो पाहून सांगितलं की दिसतं शेवाळासारखं, पण हे जिवाणूच आहेत, फक्त आपल्या कामाचे नाहीत. पाण्यात कुजक्या घाणीचं खत जास्त झालं, हवा तापली, पाणी एका जागी साचलं की ते माजतात. औषध मिळतं, पण त्यानं चांगलेही मरतात आणि आठ दिवसांनी लाल परत येतं. म्हणून औषध नको, हातानंच काढा.

एप्रिलमध्ये रिसोडला ऊन त्रेचाळीसवर गेलं. टाकीचं पाणी बत्तीस अंशांवर तापू लागलं. घरातला एकुलता टेबल पंखा टाकीवर लावला. म्हातारा-म्हातारी घामाघूम होऊन ओसरीवर झोपत आणि पंख्याची हवा माशांना. पंख्यानं पाणी उडून जाई, रोज दोन लिटर गोडं पाणी वरून घालावं लागे. वीज गेली की जानराव पाण्याची बाटली फ्रिजमधून काढून टाकीत तरंगत ठेवत आणि हवेचा पंप इन्व्हर्टरवर लावत. जयंतीच्या मिरवणुकीला ते गेले, पण चौकातच मागे फिरले, कारण लाइट गेल्याचं दिसलं. वच्छलाबाई पुढे गेल्या. परत आल्यावर त्यांनी पाहिलं, नवरा निळ्या फेट्यासकट स्टुलावर बसून टाकीत बाटली बुडवत होता.

दर रविवारी साय नळीनं ओढून काढायची आणि दर बुधवारपर्यंत ती परत यायची, असं चार-पाच आठवडे चाललं. जानराव चिडत नव्हते, फक्त दमत चालले होते. पण हात थांबला तरी त्यांचं डोकं चालू होतं. गावात पाणी कुठं मुरतं हे शोधायचं तर त्यांची एक रीत होती. सगळीकडे खणत बसायचं नाही. एकेक व्हॉल्व बंद करत जायचं आणि कोणता बंद केल्यावर फरक पडतो ते पाहायचं. त्यांनी तीच रीत इथं लावली.

आधी पाणी. मुलानं पाठवलेलं पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र घेऊन ते आरओ प्लँटवर गेले. प्लँट रामसिंग राठोडचा. जानरावांना तो नोकरीपासून ओळखत होता. जारमधल्या पाण्यात यंत्र बुडवलं तर आकडा एकशे ऐंशी, यायला हवा होता शून्याजवळ. रामसिंगनं लपवलं नाही. म्हणाला, साफ केलेलं पाणी लोकांना बेचव लागतं, म्हणून थोडं बोअरचं मिसळावं लागतं. बोअर शेताच्या कडेला, सोयाबीनला टाकलेलं खत झिरपत असणारच. त्या दिवसापासून तो जानरावांचे दोन जार मिसळण्याआधीच भरून वेगळे ठेवू लागला. आकडा बारावर आला.

साय थोडी पातळ झाली, गेली नाही.

मग उजेड. टाकीवरचा दिवा दहा तास लागत असे, तो सहा तासांवर आणला. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन काचेवर येत होतं, तिथं जुन्या चादरीचा पडदा शिवून लावला. प्रवाह वाढवायला छोटा पंप वाळूच्या दिशेनं वळवला. प्रसेनजित म्हणाला, आता तीन दिवस पूर्ण अंधार करून पाहा. उजेडाशिवाय ही साय जगत नाही आणि मासे तीन दिवस उपाशी राहू शकतात. जानरावांनी खळ्यावर टाकायची काळी ताडपत्री केनवडहून भावाकडून आणली आणि टाकी बांधून टाकली. तीन दिवसांनी उघडली तेव्हा वाळू पांढरी झाली होती. वच्छलाबाईसुद्धा बराच वेळ पाहत राहिल्या. बाराव्या दिवशी त्याच कोपऱ्यात परत लाल डाग आला.

त्या दिवशी जानराव जेवण अर्धं सोडून उठले. पाणी तपासायच्या काचनळीत औषधाचे थेंब टाकले की रंग येई, आणि तो रंग सांगत होता की पाण्यात खत अजून चिक्कार आहे. सगळे व्हॉल्व बंद होते, तरी कुठून तरी येत होतं. दाणे ते रोज सकाळी चिमूटभरच टाकत. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली होती. दाण्यांची डबी चार महिने पुरायला हवी होती, ती दोन महिन्यांत तळाला गेली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्यांदा ताडपत्री बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते. तहान लागली म्हणून उठले आणि पाणी प्यायला बाहेर आले. वच्छलाबाई स्टुलावर बसल्या होत्या. ताडपत्रीचं एक टोक त्यांनी पदरासारखं खांद्यावर घेतलं होतं आणि एका हातात दाण्यांची डबी होती.

"काय करून राह्यली?" जानरावांनी विचारलं.

"काई नाई. पाह्यलं, जित्ते हायत का."

जानराव जवळ आले. पाण्यावर दाणे तरंगत होते. नारिंगी जोडी खालून वर येऊन एकेक टिपत होती, आणि बाकीचे दाणे हळूहळू भिजून तळाला जात होते, बरोबर त्या लाल कोपऱ्याकडे.

"दिवसातून किती डाव टाकते?"

वच्छलाबाईंनी डबीचं झाकण लावलं. "तुमी सकाळी टाकता. मंग मी दुपारी. अन् दिवा जायच्या आंधी एकडाव." मग त्या म्हणाल्या, "मी समोर आली का दोघंबी काचेपाशी येतात, तोंडं करतात. अंगणवाडीत लेकरं अशीच पाहेत खिचडीच्या गंजाकडं. उपाशी ठेवू काय त्यायले?"

"त्यायचं पोट चण्याएवढं हाय वच्छला."

"असंन. पण घरात कोनी मागणारंबी नाई दुसरं."

जानराव दाराच्या चौकटीला टेकले. त्यांना ओरडायचं होतं असं नाही. ओरडायला जी ताकद लागते ती त्यांच्यात नव्हती. मार्चपासूनचे सगळे रविवार, बादल्या, पाठीतली कळ, खारट घोट, ते सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं.

"मी दर रविवारी जे काढून राह्यलो," ते हळू म्हणाले, "ते तूच रोज टाकून राह्यली."

वच्छलाबाईंनी टोक खाली सोडलं, डबी फळीवर ठेवली आणि आत गेल्या. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढायच्या वेळी त्या आपणहून आल्या. गाठी सोडवायला हात लावला. मग म्हणाल्या, "मंग तुमी नका टाकू सकाळी. मीच टाकीन, एकच डाव. किती दाणे ते सांगा."

जानरावांनी तळहातावर दाणे मोजून दाखवले. अकरा. त्या रोज सकाळी चष्मा लावून अकरा दाणे मोजत, टाकत आणि मासे काचेपाशी आले तरी तिथून उठून जात. पहिले काही दिवस त्यांना ते जड गेलं. दुपारी त्या पुढच्या खोलीत बसेनाशा झाल्या.

जुलैमध्ये हवा निवली. लाल साय आक्रसत आक्रसत एका दगडाच्या पायथ्याशी राहिली आणि ऑगस्टमध्ये एका रविवारी ती दिसलीच नाही. तिच्या जागी मागच्या काचेवर केसांसारखं हिरवं शेवाळ आलं. ते खायला मुलानं शंखातल्या गोगलगायी पाठवल्या. त्यांनी थोडं खाल्लं, थोडं ठेवलं. समोरची काच तेवढी जानराव पुसत, मागची त्यांनी सोडून दिली. पाणी पूर्ण स्वच्छ कधीच होत नाही, हे त्यांना नोकरीतही ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आसपास प्रसेनजितचा फोन आला. त्याला पुण्यात मोठं घर मिळालं होतं आणि तिथं तो पाच फुटी नवी टाकी बसवून घेत होता, सगळं आपोआप चालणारी. बोलता बोलता म्हणाला, "बाबा, ते रिसोडचं आता बंद करून टाका. मासे कोनाले तरी देऊन द्या. तुमाले उगाच तरास."

जानराव ओसरीवर बसले होते. मुलानं हे चांगल्या मनानंच म्हटलं होतं, हे त्यांना कळत होतं. त्रास संपत होता, हेही कळत होतं.

"कोनाले देऊ?" ते म्हणाले. "रिसोडात खाऱ्या पाण्याचे मासे कोन ठेवते? व्हॉल्व फिरवला का बंद झालं, असं नाई हे. अन् खरं सांगू का प्रसेनजित, मी थकलो. दोन वर्षांपासून थकलो. तू ये, अन् तुह्या हातानं घेऊन जाय."

आपण थकलो असं त्यांनी मुलाला कधी सांगितलं नव्हतं. पलीकडून प्रसेनजित येतो म्हणाला.

तो दिवाळीनंतर चार दिवसांची सुट्टी काढून आला. टाकीपुढे उभा राहून पाहत राहिला. प्रवाळं तिप्पट झाली होती. तो सोडून गेला तेव्हापेक्षा पाणी नितळ होतं. त्यानं विचारलं की शेवटी कोणतं औषध घातलं. वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या की औषध नाही, माझा हात आखडला. मग त्यांनीच त्याला दाण्यांची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता. प्रसेनजित हसला, पण त्या हसल्या नाहीत, तेव्हा त्यानं हसू आवरलं.

रविवारी त्यानं बाबांना बसवून ठेवलं आणि सगळं काम स्वतः केलं. नळी ओढली, तोंडात पाणी गेलं, थुंकला. जार आणले, मीठ कालवलं, भरलेली बादली घेऊन नालीपर्यंत गेला, परत आला. साडेअकराला जमिनीवर पाय पसरून बसला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"दर रविवारी एवढं?" त्यानं विचारलं.

"उन्हाळ्यात याच्याहून जास्त," जानराव म्हणाले.

संध्याकाळी तो बाबांना दवाखान्यात घेऊन गेला आणि गुडघ्यांचा एक्स-रे काढून आणला. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात नवीन काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी मासे आणि प्रवाळं पिशव्यांत भरली. औषधाच्या दुकानातून थर्माकोलची खोकी आणली होती. हवा भरून, रबर लावून पिशव्या त्यात बसवल्या. नारिंगी जोडी हाताला लागेना. प्रसेनजितनं जाळीनं तीनदा प्रयत्न केला. शेवटी वच्छलाबाई स्टुलावर बसल्या, काचेला बोट लावलं, दोघं समोर आले आणि त्यानं मागून जाळी घातली. त्या लगेच उठल्या. तिसऱ्या प्रहरी पुण्याची ट्रॅव्हल्स होती. वाशिमच्या फाट्यापर्यंत रामसिंगनं आपल्या ऑटोतून सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोटो आला. दोघंही मासे जिवंत होते, झिंगा मेला होता. वच्छलाबाईंनी फोटो मोठा करून पाहिला, बारीक दिसतात म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.

त्या रात्री दोघांना लवकर झोप लागली. मधे उठून पंपाचा आवाज येतो का, हे आता कोणालाच पाहावं लागणार नव्हतं. सकाळी वच्छलाबाई म्हणाल्या की घर मोकळं मोकळं वाटतं, आणि ते बरं वाटतं की वाईट हे त्यांनी सांगितलं नाही.

टाकीतलं उरलेलं पाणी तसंच सोडलं असतं तर कुजलं असतं. म्हणून चहा झाल्यावर जानरावांनी नळी लावली. बादली भरली की दोघं मिळून कडी धरत, एका बाजूला ते, एका बाजूला त्या, आणि रस्ता ओलांडून नालीत ओतत. सहाव्या बादलीनंतर दोघं ओट्यावर टेकले. गल्लीत नुकतीच भाड्यानं राहायला आलेली एक सून दारात भांडी घासत होती. तिनं विचारलं की आजोबा, नळ तर परवा आला, मग एवढं पाणी कशाचं फेकून राह्यले.

जानरावांनी तिच्याकडे पाहिलं. एवढं सगळं सांगायला त्यांच्यात दम नव्हता.

"खारं हाय माय," ते म्हणाले, "प्यायच्या कामाचं नाई." आणि गुडघ्यावर हात टेकून सातवी बादली भरायला उठले.